जुन्या फॉरवर्डचे मोल कसे जोखावे : वादाला बसण्यापूर्वी सामना पाहण्याची पद्धत

भारतीय हॉकी संघाची यादी जाहीर झाली, की तिशीच्या आसपास पोहोचलेल्या किंवा ती ओलांडलेल्या एखाद्या आघाडीपटूच्या नावावरून नाशिकच्या हॉकीप्रेमी मंडळींत हमखास दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणणे असते, की गेल्या स्पर्धेत त्याने गोल किती केले तेवढे सांगा, बाकी सारे पुराण नको. दुसरी बाजू म्हणते, की तो मैदानावर असला की शेजारचे पोर खुलते आणि तो बाहेर बसला की आघाडीची फळी विस्कळीत होते. गोल्फ क्लब मैदानाच्या कडेला सकाळच्या फेरीनंतर थांबलेली मंडळी असोत की नाशिकरोडला संध्याकाळी चहावर जमलेली, वाद याच दोन वाक्यांभोवती फिरतो आणि जिथे सुरू झाला तिथेच संपतो. पहिले विधान मोजता येते, पण त्यातून प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. दुसऱ्यात उत्तर दडलेले असते, पण ते कोणी तपासून पाहत नाही. ते तपासता येते, आणि त्यासाठी प्रशिक्षकाची पदवी लागत नाही. एक वही, थोडा संयम आणि चेंडूवरून नजर हटवण्याची तयारी एवढे पुरते.

पहिले काम म्हणजे प्रश्न नीट मांडणे. ‘तो अजून चांगला खेळतो का’ हा निवडीचा प्रश्न नव्हे. ऑलिंपिकसाठी संघात सोळा खेळाडू असतात. टोकियोला आणि पॅरिसला, दोन्ही वेळा भारताने त्यांतले फक्त पाच आघाडीपटू म्हणून नेले. टोकियोच्या पाचांत मनदीप, ललित उपाध्याय, गुरजंत, दिलप्रीत आणि शमशेर होते. पॅरिसच्या पाचांत पहिले तिघे कायम राहिले आणि त्यांच्या जोडीला अभिषेक व सुखजीत आले. जागा पाचच असल्यामुळे खरा प्रश्न असा असतो, की या खेळाडूऐवजी दारात उभा असलेला नेमका कोण आत येईल, आणि तो उरलेल्या चौघांपैकी कोणासोबत खेळेल. या प्रश्नात ‘पूर्वीचा तो राहिला नाही’ या वाक्याला काहीच स्थान नाही. कोणीच पूर्वीचा राहत नाही. तुलना त्याच्या तरुणपणाशी करायची नसून त्याच्या जागी येऊ पाहणाऱ्या खेळाडूच्या आजच्या खेळाशी करायची आहे, आणि वादाला बसण्यापूर्वी त्या पर्यायी खेळाडूचे नाव प्रत्येकाने उच्चारलेच पाहिजे, असा नियम केल्यास निम्मा गोंगाट आपोआप कमी होतो.

गोलांच्या आकड्याचे काय करायचे, हे आता पाहू. पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताने निर्धारित वेळेत एकूण १५ गोल केले आणि त्यांतले १० एकट्या हरमनप्रीत सिंहचे होते, म्हणजे पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोक (समोरच्या संघाच्या नियमभंगामुळे मिळणाऱ्या गोलाच्या ठरावीक संधी) मारणाऱ्या बचावपटूचे. उरलेल्या पाचांपैकी दोन अभिषेकचे, आणि मनदीप, सुखजीत व मधल्या फळीतला विवेक सागर प्रसाद यांचा प्रत्येकी एक. केवळ या यादीवरून निवड करायची म्हटले तर कांस्यपदक जिंकून आलेल्या आघाडीच्या फळीतल्या बहुतेकांना घरी बसवावे लागेल, आणि तसे कोणी शहाणा माणूस सुचवणार नाही. म्हणून धावफलक वाचताना मैदानी (म्हणजे चालत्या खेळातले) गोल, पेनल्टी कॉर्नरवरचे गोल आणि स्ट्रोकवरचे गोल वेगळे लिहावेत, आणि त्यांच्यासमोर एक रकाना वाढवावा : कॉर्नर कोणी मिळवून दिला. डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळासारख्या भागाच्या, आत बचावपटूच्या पायाला चेंडू लागून त्याच्या बाजूचा फायदा झाला, तर सामान्यतः कॉर्नर मिळतो. अनुभवी आघाडीपटू डीच्या उजव्या कडेने आत शिरताना गोलाकडे न पाहता बचावपटूच्या पावलांकडे पाहतो, यामागचे कारण हेच आहे. त्याने चेंडू पायावर घातला, हरमनप्रीतने फ्लिक मारला, दूरदर्शन संचावर हरमनप्रीतचे नाव झळकले. नोंद ठेवणाऱ्याने मात्र दोन नावे लिहावीत.

पैशातल्या मोलाबद्दल एवढेच, की ते या वादात आणू नये. हॉकी इंडिया लीगच्या २०२४ मधल्या लिलावात हरमनप्रीतला ७८ लाख रुपये आणि आघाडीपटू अभिषेकला ७२ लाख रुपये मिळाले. पण लिलावातली किंमत ही त्या क्षणी कोणत्या संघमालकाकडे किती रक्कम शिल्लक आहे आणि कोणती जागा रिकामी आहे, यावरून ठरते. याच लीगने २०१६ आणि २०१७ च्या हंगामांत एका मैदानी गोलाला दोन गोलांचे मूल्य देऊन पाहिले होते. मैदानी गोल हा दुर्मीळ होत चाललेला माल आहे, याची ती एका परीने जाहीर कबुलीच होती, असे मला वाटते.

आता मुख्य भागाकडे येऊ. तो भाग म्हणजे चेंडू जवळ नसताना आघाडीपटू काय करतो, हे पाहणे. सामना प्रत्येकी पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. त्यांतले एक सत्र, शक्यतो दुसरे, पूर्णपणे त्या एका खेळाडूला द्यावे. पहिल्या सत्रात दोन्ही संघ एकमेकांना चाचपत असतात आणि शेवटच्या सत्रात गोलफरकाचा दबाव सगळ्यांचाच खेळ बदलतो, म्हणून दुसरे सत्र बरे. घरी संचासमोर बसून हे करणे कठीण जाते, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि जुन्या खेळाडूचे बरेचसे काम चौकटीबाहेर होते. अशा वेळी एक युक्ती उपयोगी पडते : चित्र समोरच्या संघाच्या २३ मीटर रेषेच्या (मैदानाच्या त्या टोकापासून २३ मीटरवर आखलेल्या रेषेच्या) आत शिरले, की चेंडू सोडून लगेच त्या खेळाडूला शोधावे आणि त्या क्षणी तो कोठे उभा होता, कोणत्या दिशेने निघाला आणि त्याच्यामागे कोण गेले, एवढेच टिपावे. तो चौकटीत सापडलाच नाही, तर तेही लिहावे. प्रत्यक्ष मैदानावर जाता आले तर उत्तम. नाशिककरांना त्यासाठी मुंबईत चर्चगेटजवळचे महिंद्रा स्टेडियम किंवा पिंपरीतल्या नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद स्टेडियम गाठावे लागते. तिथे स्थानिक स्पर्धेचा सामना असला तरी हरकत नाही, कारण नजरेची सवय कोणत्याही सामन्यात लागते. बसताना मात्र मधल्या रेषेसमोरची लोकप्रिय जागा सोडून गोलच्या मागच्या बाजूला, जमेल तितके उंच बसावे. तिथून आघाडीच्या खेळाडूंमधली अंतरे उघडी दिसतात. मधून पाहिले की सगळे एकाच रांगेत असल्यासारखे वाटतात.

पाहायचे काय, तर सर्वांत आधी त्याच्या धावा. हॉकीतला ऑफसाइडचा नियम १९९६ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर बाजूला ठेवला गेला आणि १९९८ पासून तो कायमचा गेला. तेव्हापासून आघाडीपटूला बचावफळीच्या मागेही उभे राहण्याची मोकळीक आहे, आणि या मोकळिकीचा उपयोग दोन प्रकारे होतो. एक धाव चेंडू मिळवण्यासाठी असते, तिला खेळाडू लीड घेणे म्हणतात. दुसरी धाव चेंडू मिळणारच नाही हे ठाऊक असताना केवळ बचावपटूला ओढून नेण्यासाठी असते. पंचविशीच्या आतला खेळाडू बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची धाव घेतो, कारण त्याच्याकडे वेग आहे आणि त्याला चेंडू हवा असतो. दुसऱ्या प्रकारची धाव घ्यायला मोठा वेग लागत नाही, पण मधल्या फळीतला आपला साथीदार मान वर कधी करणार, हे आधी कळावे लागते. एका सत्रात अशा किती धावा झाल्या आणि त्यांतून मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा कोणी शिरला का, या दोन्ही गोष्टी लिहाव्यात. जागा मोकळी झाली पण शिरले कोणीच नाही, तर तो दोष धावणाऱ्याचा असतोच असे नाही, आणि ‘जोडी जमत नाही’ या तक्रारीतला निम्मा अर्थ बहुधा या ठिकाणी सापडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रेस. विरोधी बचावपटू मागून चेंडू खेळवायला लागले की पहिला दबाव आघाडीच्या फळीने टाकायचा असतो, आणि एकट्याने धावून जाणारा फॉरवर्ड हा समोरच्या संघासाठी नजराणाच असतो. कधी जायचे, कोणती बाजू बंद करायची आणि कधी मागे सरून रचना राखायची, हे कोणीतरी हाताने खुणावून किंवा ओरडून ठरवत असते. तो कोण आहे ते पाहावे. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ग्रेट ब्रिटनविरुद्ध बचावपटू अमित रोहिदासला सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले आणि भारताला चाळीस मिनिटांहून अधिक काळ दहा जणांनिशी खेळावे लागले. सामना १-१ असा सुटला आणि शूटआऊटमध्ये भारताने ४-२ असा जिंकला. गोलरक्षक श्रीजेशचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते, पण तो सामना पुन्हा पाहायला मिळाला तर श्रीजेशवरून नजर काढून आघाडीपटूंवर ठेवावी. पुढे राहण्याचा मोह टाकून ते आपल्याच २३ मीटर रेषेपर्यंत मागे येत होते, आणि या परतीच्या धावांची नोंद कोणत्याही धावफलकात होत नाही.

वेगाच्या बाबतीत मन मोठे करून खरे ते मान्य करावे. पहिल्या पाच-सात पावलांतला झपाटा वयाबरोबर उतरतो आणि कृत्रिम टर्फवर तो लगेच उघडा पडतो. मात्र हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात; पेनल्टी कॉर्नर सुरू असतानाचा काळ सोडला तर त्यासाठी खेळ थांबावा लागत नाही. आघाडीपटू साधारणपणे काही मिनिटांच्या तुकड्यांत खेळतात. त्यामुळे तुकड्याच्या पहिल्या मिनिटात तो कसा धावतो आणि शेवटच्या मिनिटात कसा, एवढेच पाहावे. साठ मिनिटे त्याचा दम टिकेल का, हा प्रश्न आजच्या हॉकीत कोणी विचारत नाही.

हाच बदली खेळाडूंचा नियम जोडीदारांचे जुळणे तपासायला सर्वांत उपयोगी पडतो, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगाचा गाभा इथे आहे. एकाच सामन्यात, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर, त्याच टर्फवर आपल्याला त्या खेळाडूसह आणि त्याच्याविना असे दोन संघ पाहायला मिळतात. वहीच्या पानावर डाव्या बाजूला वेळ लिहावी : तो आत कधी आला, बाहेर कधी गेला आणि त्या तुकड्यात त्याच्या शेजारी कोण होते. उजव्या बाजूला त्या तुकड्यात आपल्या संघाने डीमध्ये किती वेळा चेंडूसह प्रवेश केला, गोलावर किती फटके मारले, किती कॉर्नर मिळवले आणि समोरच्या २३ मीटर पट्ट्यात किती वेळा चेंडू हिसकावला, ते मांडावे. गोल मोजू नयेत, कारण एका सामन्यात ते इतके थोडे होतात की त्यांतून काहीच सिद्ध होत नाही. डीमधले प्रवेश मात्र बऱ्यापैकी होतात. डीबाहेरून मारलेला फटका वाटेत आपल्या कोणाच्या स्टिकला न लागता गोलात गेला तर तो गोल धरला जात नाही, म्हणून आक्रमणाची खरी वेस १४.६३ मीटर त्रिज्येची ती रेषाच आहे.

प्रवेश लिहिताना दोन नावे लिहायची : चेंडू कोणी दिला आणि कोणी घेतला. पाच-सहा सामन्यांची पाने जमली की काही जोड्या वारंवार दिसू लागतात आणि काही दिसतच नाहीत. जोडी जमणे म्हणून आपण ज्या गोष्टीबद्दल हळव्या आवाजात बोलतो, ती बव्हंशी वेळेची गोष्ट आहे. देणाऱ्याने मान वर करण्याआधी घेणारा निघालेला असतो का, किंवा घेणाऱ्याकडे न पाहताच पास दुसऱ्या खांबाकडे सुटतो का, हे दोन प्रसंग हेरायला शिकले म्हणजे झाले. पास चुकला तरी तो योग्य जागी गेला होता का, हे पाहावे. रिकाम्या जागेत गेलेला आणि अर्ध्या पावलाने हुकलेला पास हा जमू लागलेल्या जोडीचा असतो, तर थेट बचावपटूच्या स्टिकवर गेलेला पास कशाचाच पुरावा नसतो.

आइस हॉकीत हा हिशेब फार पूर्वीपासून चालतो. तिथे तीन फॉरवर्ड एकत्र बर्फावर उतरतात आणि मिनिटाच्या आत सगळे बदलतात, त्यामुळे कोण कोणासोबत असताना संघाने गोल केले आणि कोण असताना खाल्ले, याची अधिक-उणे नोंद ठेवणे सोपे जाते. त्या पद्धतीतला दोषही तिथल्या प्रेक्षकांना पाठ आहे : उत्तम साथीदारांसोबत उतरणाऱ्या सामान्य खेळाडूच्या नावापुढे अधिकचे चिन्ह सहज लागते. आपल्या वहीतही तेच होऊ शकते. जुना फॉरवर्ड आत असताना मागे मध्यरक्षक हार्दिक सिंह खेळत होता आणि तो बाहेर असताना हार्दिकही बाहेर होता, तर फरक कोणामुळे पडला हे सांगता येणार नाही. म्हणून शेजारच्या फॉरवर्डबरोबरच मागच्या मध्यरक्षकाचेही नाव टिपावे, आणि संघ दोन गोलांनी पुढे असतानाचे तुकडे वेगळे ठेवावेत, कारण आघाडीवर असलेला संघ मागे सरतो आणि तेव्हा डीमधले प्रवेश कमी होणे स्वाभाविकच असते.

वादात इतिहास येतोच, आणि तो यावाही. फक्त तो पुरावा म्हणून आणताना जरा पारखून आणावा. ज्येष्ठ मंडळींचे आवडते उदाहरण १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे असते. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरवले. कर्णधार ध्यानचंद तेव्हा तीस वर्षांचे होते. आजच्या काळात असा पराभव झाला असता तर ‘कर्णधाराचे वय झाले’ असा सूर रात्रीतून उमटला असता. तेव्हा मात्र संघाने भारतातून अली दारा या इनसाइड फॉरवर्डला बोलावून घेतले, तो उपांत्य सामन्याच्या वेळेपर्यंत बर्लिनला पोहोचला, भारताने फ्रान्सला १०-० आणि अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८-१ असे नमवले. मोठ्या खेळाडूला बदलण्याऐवजी त्याच्या शेजारची रिकामी जागा भरावी, हा या गोष्टीतला बोध बरोबर आहे. परंतु दारा येण्यापूर्वीही भारताने हंगेरी, अमेरिका आणि जपान यांच्याविरुद्ध मिळून वीस गोल केले होते आणि एकही स्वीकारला नव्हता, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही. १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला भारताने अमेरिकेला २४-१ असे हरवले आणि त्यांत रूपसिंह यांचे दहा व थोरले बंधू ध्यानचंद यांचे आठ गोल होते, हा दाखला तर जोडीच्या चर्चेत आणूच नये. त्या स्पर्धेत संघ तीनच होते आणि समोरचा संघ इतका दुबळा होता, की त्यातून भावांच्या ताळमेळाबद्दल काही शिकण्यासारखे नाही.

आपल्याकडच्या मंडळींना सर्वांत जवळचे उदाहरण अर्थातच खडकीच्या धनराज पिल्ले यांचे. चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला हा आघाडीपटू २००३ मध्ये पस्तीस वर्षांचा होता. त्याच्याभोवती दीपक ठाकूर, प्रभज्योत सिंह आणि गगन अजित सिंह हे २००१ चा कनिष्ठ विश्वचषक एकत्र जिंकून आलेले तरुण होते. त्याच्या नेतृत्वाखाली क्वालालंपूरला भारताने पाकिस्तानला ४-२ असे हरवून आशिया चषक जिंकला, आणि अनुभव व वेग यांची सांगड कशी घालावी याचा नमुना म्हणून त्या संघाकडे आजही बोट दाखवले जाते. वर्षभराच्या आत अथेन्स ऑलिंपिकला तोच धनराज आणि तेच तिघे होते, आणि भारत सातवा आला. मधल्या काळात, स्पर्धा तोंडावर असताना, प्रशिक्षक बदलला गेला होता. जुळलेली जोडी ही कायमची मिळकत नसते. मागची रचना, प्रशिक्षकाची मागणी आणि समोरचा संघ बदलला की तिचे मूल्य नव्याने ठरवावे लागते, एवढे या दोन स्पर्धा शेजारी ठेवल्या की समजते. धनराजवर प्रेम असणाऱ्याने फक्त पहिली स्पर्धा सांगणे आणि नसणाऱ्याने फक्त दुसरी सांगणे, हे दोन्ही प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात.

परदेशी दाखल्यांचेही तसेच आहे. नेदरलँड्सच्या ट्युन डी नोएरला प्रशिक्षकाने २०१२ च्या सुरुवातीला संघाबाहेर काढले, नंतर परत घेतले आणि छत्तिसाव्या वर्षी तो लंडनहून रौप्यपदक घेऊन आला. ऑस्ट्रेलियाचा जेमी ड्वायर सदतिसाव्या वर्षी रिओला गेला आणि त्याचा संघ उपांत्यपूर्व सामन्यात नेदरलँड्सकडून ०-४ असा हरला. आपल्याकडचे पाहायचे तर टोकियोत कांस्यपदकाच्या लढतीत जर्मनीला ५-४ असे हरवताना दोन गोल करणारा सिमरनजीत सिंह मूळ सोळांत नव्हता, तो राखीव खेळाडू म्हणून गेला होता. प्रत्येक बाजूला तिच्या सोयीचे एक उदाहरण मिळते, तेव्हा एकेका उदाहरणाने वाद संपत नाही हे आधीच मान्य करून बसावे.

ज्येष्ठांशी वाद घालताना थोडी रीत पाळावी. ज्यांनी गवतावरची हॉकी पाहिली आहे त्यांची नजर वेगळी असते. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम टर्फ आले आणि चेंडू अडवण्यापासून पास देण्यापर्यंत सगळ्याचा वेग बदलला. त्यांचे म्हणणे ‘तुमचा काळ गेला’ म्हणून उडवण्यापेक्षा त्यांना नेमके विचारावे : “काका, तुम्ही म्हणता तो खेळाडू उजवीकडून आत यायचा, तेव्हा त्याच्या डाव्या हाताला कोण असायचे? आणि तो नसला की मग चेंडू कोणाकडे जायचा?” अशा प्रश्नाला बहुतेक काका मनापासून उत्तर देतात, आणि त्या उत्तरातून पुढच्या सामन्यात काय पाहायचे ते मिळते. तरुणांसाठीही एक अट असावी. सामना सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपले भाकीत कागदावर लिहून ठेवावे आणि कोणती गोष्ट दिसली तर आपण मत बदलू, तेही खाली लिहावे. दुसरी ओळ लिहिता आली नाही, तर तो माणूस वाद घालायला नव्हे, गप्पांना आला आहे असे समजावे; गप्पाही वाईट नसतात, पण त्यांवरून संघ निवडू नये.

नोंदी वाचताना एका मोहापासून मात्र जपावे. २०२५ मध्ये राजगीरला झालेल्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने कोरियाला ४-१ असे हरवले. सुखजीतने पहिल्याच मिनिटाला एक आणि दिलप्रीतने दोन गोल केले. मनदीपसारख्या अनुभवी खेळाडूचे नाव गोल करणाऱ्यांत नव्हते, म्हणून लगेच ‘आता त्याची गरज काय’ असे म्हणणारे होते, आणि उलट ‘त्यानेच जागा करून दिली असणार’ असे न पाहता सांगणारेही होते. दुसरे विधान पहिल्याइतकेच पोकळ आहे. जागा करून दिली असेल तर ती वहीत कोणत्या तरी मिनिटासमोर लिहिलेली असली पाहिजे. नसेल तर त्या सामन्यापुरते गप्प राहावे.

मग वगळण्याची शिफारस कधी करावी? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर. बचावपटूला ओढून नेणारी त्याची धाव बचावपटू मनावर घेईनासे झाले, म्हणजे तो निघाला तरी त्याच्यामागे कोणी जात नाही. तो आत असताना डीमधले प्रवेश वेगवेगळ्या साथीदारांसोबतही कमीच राहिले. आणि त्याच्या पर्यायी खेळाडूने त्याच चौघांपैकी निदान दोघांशी पास जुळवून दाखवले. पहिली खूण सर्वांत मोलाची आहे, कारण विरोधी बचावपटू कोणाला घाबरतात हे ते तोंडाने सांगत नसले तरी पायांनी सांगतात. यांतली एकच गोष्ट दिसली तर त्याला संघात ठेवून त्याचा साथीदार बदलून पाहावा, आणि दोन दिसल्या तर छोट्या स्पर्धेत पर्यायी खेळाडूला पूर्ण संधी देऊन पुन्हा नोंद घ्यावी.

शूटआऊटचा हिशेब या सगळ्यापासून वेगळ्या पानावर ठेवावा. तिथे २३ मीटर रेषेवरून निघालेल्या खेळाडूला गोलरक्षकासमोर आठ सेकंद मिळतात आणि साथीदार कोणीच नसतो, म्हणून जोडीच्या नोंदींचा तिथे काही उपयोग नाही. ग्रेट ब्रिटनविरुद्धच्या त्या शूटआऊटमध्ये हरमनप्रीत, सुखजीत, ललित आणि राजकुमार पाल यांनी गोल केले. त्यांतला ललित हा त्या संघातला अनुभवी आघाडीपटू होता. बाद फेरीचे सामने असलेल्या स्पर्धेसाठी पाचव्या फॉरवर्डची निवड करायची असेल आणि बाकीच्या पानांवर दोन खेळाडू बरोबरीत येत असतील, तर दोघांच्या मागच्या शूटआऊटच्या नोंदी काढून पाहाव्यात आणि आठ सेकंदांत घाई न करणाऱ्याला यादीत घ्यावे.